गळसाहेबांचं लाल बटण

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीत मालक आले तर माणसं नुसती उभी राहायची. संगणक खात्याचे साहेब आले की आधी कीबोर्डखालचा चिठोरा खिशात जायचा, मग मोबाइल उपडा पडायचा, आणि मग कुठे तोंडावर हसू यायचं. तेही कसलं, तर दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडतात तसलं. समोर सगळे ‘सर, सर’ करायचे. पाठ वळली की त्यांचं नाव गळसाहेब.

नाव कसं पडलं ते सांगतो, पण आधी माणसाला त्याचं श्रेय देऊन टाकू, म्हणजे मग मला मोकळेपणानं बोलता येईल. कामात साहेब चोख होते. ते कंपनीत आले तेव्हा कंपनीच्या वेबसाइटनं अब्रू चव्हाट्यावर आणली होती. गिऱ्हाईक गादी बघायला साइट उघडायचं आणि समोर पत्त्यांचा जुगार! मालकांच्या व्याह्यांनी चार पाहुण्यांत कौतुकानं साइट उघडून दाखवली, तेव्हा मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं साइट बनवून दिली तो बहाद्दर फोन उचलत नव्हता. साहेबांनी खुर्ची ओढली आणि शोधायला बसले. नोकरी सोडून गेलेल्या एका विक्रेत्याचं खातं तसंच उघडं पडलं होतं. पासवर्ड म्हणजे कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. साइटचं सॉफ्टवेअर अपडेट करा अशी सूचना रोज पडद्यावर यायची आणि सगळे ती डास हाकलावा तशी हाकलायचे. बरं, साइटची राखीव प्रत होती का? होती की! त्याच सर्व्हरवर, साइटच्या मांडीला मांडी लावून. साइटबरोबर तीही बुडाली.

साहेबांनी साइट नव्यानं उभी केली. गेलेल्या माणसांची खाती बंद केली, प्रत्येकाला वेगळा, लांबलचक पासवर्ड दिला, तो ठेवायला पासवर्डची तिजोरी दिली, आणि आत शिरताना फोनवर येणारा कोड सक्तीचा केला. राखीव प्रत दुसऱ्या जागी ठेवायला लागले आणि ती अधूनमधून उघडून चालते का, तेही बघायला लागले. यात खोट काढायला मला जागा नाही, तुम्हालाही नाही.

खोट होती ती स्वभावात. साहेबांचे वडील भोळे होते. कोणीही यावं आणि त्यांना टोपी घालून जावं. नातेवाईक घरी जमले की वडील कुठे कुठे फसले त्याचे किस्से निघायचे, सगळे पोट धरून हसायचे, आणि वडील स्वतःही त्यांच्यात सामील होऊन हसायचे. दुसरा कोणी मुलगा असता तर हसणाऱ्यांवर चिडला असता. हे वडिलांवर चिडले. फसणाऱ्या माणसाची त्यांना तेव्हापासून जी किळस बसली ती बसलीच. चोराबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात एक आदर असायचा, आणि फसलेल्याबद्दल बोलताना ओठ वाकडा व्हायचा.

मालकांनी त्यांना परवानगी दिली ती साधीच होती. अधूनमधून एखादी खोटी ईमेल पाठवा, कोण लिंक दाबतो ते बघा, आणि त्याला नीट समजावून सांगा. पुष्कळ कंपन्यांत असं करतात. साहेबांनी त्यातलं ‘समजावून सांगा’ तेवढं गाळलं आणि त्या जागी मासा आणला.

खाली कारखान्यात शिलाई विभाग होता. गाद्यांच्या कव्हरांचं उरलेलं पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणि फोमचा चुरा घेऊन साहेबांनी तिथे एक मासा शिवून घेतला. चांगला मांडीवरच्या मुलाएवढा, बटणांचे डोळे, तोंडाचा आ. जो खोट्या ईमेलला फसेल त्याच्या टेबलावर हा मासा आठवडाभर बसणार. जेवायला उठलात तर मासा काखेत. बैठकीला गेलात तर मासा मांडीवर. आणि पहिल्याच दिवशी माशासकट फोटो ऑफिसच्या ग्रुपवर, खाली साहेबांची टिप्पणी, ‘गळाला लागले!’ पहिला फोटो बघून मालक खो खो हसले. मालक हसले म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद. सगळेच हसायला लागले, फक्त ज्याच्या मांडीवर मासा असेल तो जरा उशिरा हसायचा.

आणि गळ तरी कसले! लॉटरी लागली, पार्सल अडकलंय, असल्या शिळ्या गोष्टी साहेब वापरत नसत. ते डबा घेऊन रोज वेगळ्या टेबलावर जेवायला बसायचे. मुलं काय म्हणतात, गुडघा कसा आहे, तब्येत का उतरलीय, अगदी आपुलकीनं विचारायचे. नवीन माणसाला वाटायचं, काय देवमाणूस आहे! माणसं पोटातलं सांगायची आणि साहेब तेच गळाला लावायचे. हिशेबनीसांचे केस गळत होते, त्यांना टकलावरच्या औषधाची मेल गेली. गोदामाच्या सुपरवायझरला लग्न जमत नाही याचं दुःख होतं, त्याला एका मुलीनं ‘तुमचा फोटो आवडला’ असं लिहिलं. तो बिचारा नवीन शर्ट घालून आला होता त्या दिवशी. मासा मांडीवर घेऊन तो शर्ट फोटोत फार उठून दिसला.

पहिल्या सूचनापत्रात साहेबांनी एक चांगलं वाक्य लिहिलं होतं, की शंका आली तर ओळखीच्या नंबरवर फोन करा, नाहीतर मला विचारा. मग लोक विचारायला लागले. दिवसभर दारात कोणी ना कोणी. साहेब वैतागले. “मलाच विचारून पास व्हायचं असेल तर मी परीक्षा कशाला घेऊ?” असं म्हणून ते वाक्य त्यांनी काढून टाकलं. उरलं ते एवढंच. उघडू नका, वाचू नका, लाल बटण दाबा. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येकाला एक लाल बटण दिलेलं होतं. ते दाबलं की संशयित मेल तुमच्याकडून नाहीशी होऊन थेट साहेबांच्या पेटीत जाऊन पडायची.

घरीही तीच तऱ्हा. बायकोला नातेवाइकांच्या नावानं खोटे मेसेज पाठवायचे आणि ती फसली की जेवताना तोंड सोडायचं. एकदा साहेब ऑफिसच्या जिन्यावरून पडले, पाय सुजून भोपळा झाला. ‘पाय मुरगळलाय, घ्यायला ये,’ असा मेसेज केला. बायकोनं वाचला, म्हणाली, “आलेत मोठे शहाणे,” आणि फोन ठेवून कपडे वाळत घालायला गेली. साहेब टॅक्सी करून लंगडत घरी पोचले. बायकोनं दार उघडलं, पायाकडे बघितलं, आणि तोंडावर हात ठेवला.

“अगंबाई! म्हणजे खरंच का?”

“शाब्बास!” साहेब दाराची चौकट धरून म्हणाले. “अशीच सावध राहा.”

त्यांना खरोखरच आनंद झाला होता, यातच काय ते समजा.

तर अशा ह्या साहेबांच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर एक बाई होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. कामाला लागल्या तेव्हापासून त्या एकाच खुर्चीत बसून लोकांच्या खचलेल्या गाद्यांचं गाऱ्हाणं ऐकत आल्या होत्या. वेबसाइटवर तक्रारीचा फॉर्म होता. गिऱ्हाइकानं तो भरला की मजकूर मेल होऊन काकूंच्या पडद्यावर यायचा, मग काकू फोन लावायच्या. “कुठल्या बाजूनं खचली हो? तुम्ही झोपता त्या बाजूनं? मग ती खचणारच की, पण थांबा, बघू आपण.” भांडायला फोन उचललेला माणूस शेवटी आपल्या पाठदुखीचं सांगत बसायचा.

काकूंना एक मुलगा होता. होता म्हणजे आहे, पण कुठे ते काकूंना माहीत नव्हतं. त्यानं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून बापानं त्याला घराबाहेर काढलं. बाप हट्टी, एक घाव दोन तुकडे. पोरगा दारात उभा राहून म्हणाला, “आई, तू तरी बोल.” आणि काकू मूग गिळून गप्प राहिल्या. नवऱ्याच्या धाकानं म्हणा, सवयीनं म्हणा. पोरगा गेला तो गेलाच. नवऱ्यानं घरातले फोननंबर बदलायला लावले. पुढे नवराही गेला, मोठं घर परवडेना म्हणून काकू लहान घरात आल्या. म्हणजे आता पोराला यायचं झालं तरी त्यानं यायचं कुठे?

हे सगळं काकूंनी एका दुपारी डब्यावर साहेबांना सांगितलं. त्यांनी तुम्हाला-मला नाही सांगितलं, साहेबांना सांगितलं, कारण संगणकातलं साहेबांना कळतं.

“तुम्हाला ह्यातलं सगळं येतं ना हो,” काकू म्हणाल्या. “इंटरनेटवर माणूस सापडतो म्हणतात. माझ्या लेकाला शोधून द्याल का?”

“बघतो,” साहेब म्हणाले आणि काकूंच्या डब्यातली चटणी त्यांनी आणखी थोडी घेतली.

काही आठवडे गेले आणि काकूंच्या पडद्यावर एक मेल आली. वर लिहिलं होतं, ‘आई, मी आहे’. आत दोनच ओळी. मी बरा आहे, माझा आताचा फोटो खाली बघ. खाली लिंक. काकूंनी डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि लिंक दाबली. पडदा लाल झाला आणि त्यावर एक मासा नाचायला लागला. काकूंना कळलंच नाही. त्यांना वाटलं, फोटो उघडायला वेळ लागतोय. त्या माशाकडे बघत बसून राहिल्या. मग त्यांना राहवेना, त्या उठल्या आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “अहो, माझ्या लेकाचं पत्र आलं! साहेबांनी शोधलं!”

माणसं उठली. कोणी हात धरला, कोणी “बघा, म्हटलं नव्हतं?” म्हणालं. हिशेबनीसांनी रुमाल काढला. आणि तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. काखेत मासा.

त्या दिवशी हसायला कोणाला जमलं नाही. एक जण सवयीनं फिसकन हसला आणि मग खोकल्याचं सोंग करत राहिला. काकूंनी साहेबांकडे बघितलं, माशाकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं. मग हळूहळू चेहऱ्यावरचं एक एक काहीतरी निघून गेलं, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे करून मासा घेतला.

“चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. मी असतो तर तो मासा साहेबांच्या तोंडात कोंबला असता. पण काकू त्या काकू.

“काकू, चोर दुखरी नस शोधूनच येतो,” साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. “पाठवणाऱ्याचा पत्ता बघितलात का? नाही बघितला. तुमच्या लेकाला तुमचा इथला ईमेल कुठून मिळणार? विचार करायला नको? बरं झालं मीच होतो. चोर असता तर कंपनी बुडाली असती.”

वाईट याचं वाटतं, की यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. काकूंनी मान हलवली. “खरंच हो. येडीच मी.”

मालकांपर्यंत गोष्ट गेली. मालकांची स्वतःची आई अंथरुणाला खिळलेली. त्यांनी साहेबांना बोलावलं आणि खडसावलं, “अहो, असलं करतात का कोणी? मासा आजपासून बंद. आणि ह्या बाईच्या बाबतीत पुन्हा काही ऐकलं तर तुम्हाला ठेवणार नाही मी.” साहेबांनी कानाला खडा लावला. मासा माळ्यावर गेला आणि त्याच्या जागी बक्षीस आलं. वर्षभरात ज्याचं लाल बटण सगळ्यात जास्त वेळा दाबलं जाईल तो ‘सर्वात सावध कर्मचारी’. वार्षिक सभेत सत्कार.

पण काकूंच्या मनात भीती बसली ती बसलीच. एखादं अक्षर वेगळं दिसलं, दाब लाल बटण. अनोळखी नाव, दाब. ओळखीचं नाव, मग तर दाबच दाब, कारण चोर ओळखीच्याच नावानं येतो असं साहेबांनी सांगितलं होतं. कंपनीत तक्रारी घटल्या म्हणून मालक खूश झाले. एका गृहस्थाच्या गादीतली स्प्रिंग वर येऊन त्याच्या बरगडीत घुसत होती. तो तक्रारीमागून तक्रार पाठवत होता, आणि काकू लाल बटणामागून लाल बटण दाबत होत्या.

आणि साहेब? त्यांनी ती पेटी उघडावी, नुसती चाळावी तरी! पण साहेबांना किती वेळा बटण दाबलं तेवढा आकडा आपोआप मिळत होता, मग उघडायचं कशाला? चोराची खबर द्यायला लोक रांग लावून उभे आणि चौकीत चिटपाखरू नाही, असा तो कारभार.

वर्षअखेर आली. कंपनीनं आणखी दोन कारखाने घेतले होते आणि तिन्हीकडच्या सुरक्षेचा प्रमुख म्हणून साहेबांचं नाव वार्षिक सभेत जाहीर व्हायचं होतं. साहेबांनी आकडे काढले तर लाल बटणात काकू सगळ्यांच्या कितीतरी पुढे. साहेबांना गगन ठेंगणं झालं. ज्या बाईवरून बोलणी खाल्ली तीच बाई पहिली! याहून मोठा पुरावा काय हवा? त्यांनी मालकांना लगेच कळवलं. मालकही विरघळले, म्हणाले, “चला, तुमच्या कडू औषधाचा गुण आला म्हणायचा.”

सभेच्या दिवशी दुपारी साहेबांच्या मनात आलं, पडद्यावर दाखवायला काकूंनी पकडलेल्या दोन-चार मेल घेऊ. म्हणून त्यांनी ती पेटी उघडली. वर्षभरात पहिल्यांदा.

आत काय होतं? स्प्रिंगवाला गृहस्थ होता, आधी विनवणी करणारा, मग वकिलाची धमकी देणारा. कुरिअरची खरी सूचना होती. खुद्द मालकांनी काकूंना पाठवलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. चोर एकही नव्हता. साहेब खाली खाली जात राहिले आणि एका ओळीवर थांबले. ‘आई, मी आहे’.

आपलीच जुनी मेल, असं त्यांना आधी वाटलं. तारीख बघितली. त्यांची नव्हती. वेबसाइटच्या तक्रारीच्या फॉर्ममधून आली होती. त्यांनी उघडली.

‘हा फॉर्म तक्रारीचा आहे, कळतंय मला. पण तू अजून तिथेच तक्रारी बघतेस असं समजलं, म्हणून इथे लिहितोय. घरी जाऊन आलो. तिथे दुसरे लोक राहतात, त्यांनी बाबांचं सांगितलं. तुझा फोन लागत नाही. त्या दिवसाबद्दल मला काही बोलायचं नाही. तू मोरीच्या दाराशी उभी होतीस, हातात ओला टॉवेल होता आणि तू तो पिळत होतीस. पाणी निघेनासं झालं तरी पिळत होतीस. तेव्हा राग आला होता, आता येत नाही. तुला नात झालीय. कान तुझ्यासारखे, बाहेर आलेले. आम्ही महिनाअखेर परदेशात राहायला जातोय, तोवर खालचा नंबर चालू आहे. नंतर ईमेल राहील. काहीच कळवलं नाहीस तर तुला नकोय असं समजेन, आणि परत त्रास देणार नाही.’

त्याखाली काही दिवसांनी आलेली आणखी एक. तीवरही ‘आई, मी आहे’. आत एकच ओळ. ‘उद्या निघतोय, आज दिवसभर फोन जवळ ठेवतो.’ काकूंनी तीही लाल केली होती.

साहेबांचा हात आपोआप कामाला लागला. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट होता. कुठून आली तेही नीट. लिंक नव्हती. जोडलेली फाइल नव्हती. पासवर्ड नाही, कोड नाही, घाई करा नाहीतर खातं बंद होईल असं काही नाही. फसवणाऱ्याला काहीतरी हवं असतं, हे साहेब स्वतः शिकवायचे. ह्यात कोणी काही मागतच नव्हतं. साहेबांनी तो नंबर फिरवून बघितला. नंबर बंद झाला होता. पण ईमेलचा पत्ता समोर होता. कागदावर उतरवून काकूंच्या हातात दिला असता तरी पुरे होतं. चार पावलांवर बसल्या होत्या त्या.

साहेबांनी प्रिंटरकडे बघितलंसुद्धा. मग त्यांच्या डोळ्यांसमोर पुढचं उभं राहिलं. काकू वाचणार. रडणार, आणि काकू हळू रडणाऱ्यांतल्या नाहीत. दालन जमणार. कोणीतरी विचारणार, की ही मेल इतके दिवस होती कुठे? तुमच्या पेटीत? तुम्ही उघडत नव्हता? आणि तिनं बटण दाबलंच का? मग मालक. मग तीन कारखाने. सभा होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. एवढं ठरल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. काकूच होत्या. चांगली साडी नेसल्या होत्या, कपाळावर पावडर जरा जास्त झाली होती.

“साहेब, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“बोला की.”

काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या. पडदा साहेबांच्या बाजूला होता, काकूंच्या बाजूला त्याची काळी पाठ.

“मधे दोनदा आलं होतं बघा. माझ्या लेकाच्या नावानं. मी वरचं तेवढं वाचलं, ‘आई, मी आहे’. आत उघडलं नाही हं! दाबलं बटण. दुसऱ्यांदाही दाबलं. पण तेव्हापासून मन लागत नाही. जेवताना घास फिरतो तोंडात. वाटतं, खरंच त्याचं असलं तर? तुम्हाला विचारायचं नाही असा नियम, म्हणून गप्प बसले. पण आज बक्षीस देताय म्हणतात, म्हटलं विचारून मोकळी होते.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुमचंच होतं ना ते?”

अहो, एक शब्द! ‘नाही’ एवढा एक शब्द तोंडातून काढायचा होता. तोही नको, नुसता पडदा वळवायचा होता. त्या माणसाच्या जिभेला काय झालं होतं, मला माहीत नाही. की मला माहीत आहे आणि सांगायची लाज वाटते. शहाणा माणूस एकदा फसलेल्यांच्या रांगेत उभा राहायला घाबरला, की तो काय वाटेल ते करतो.

“हो,” साहेब म्हणाले. “माझंच होतं. परीक्षा होती.”

“दोन्ही वेळा?”

“दोन्ही वेळा.”

काकूंनी मोठा श्वास सोडला. “सुटले गं बाई!” त्या हसल्यादेखील. “मेला उगाच जीव टांगणीला. मी तरी काय, कशाला येतोय तो?” त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “आणि साहेब, मागे त्याला शोधायला सांगितलं होतं ना तुम्हाला? ते राहू द्या आता. तुमचा वेळ नका घालवू.”

त्या गेल्यावर साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी पहिली मेल कायमची पुसली, मग दुसरी. राखीव प्रतीत जाऊन तिथूनही पुसली, कारण काम अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. मग वेबसाइटवर जाऊन त्या पोराच्या ईमेलचा पत्ता बंदीच्या यादीत घातला, म्हणजे पुन्हा असं काही यायला नको. बंदीचं कारण लिहायची चौकट समोर आली. साहेबांनी लिहिलं, ‘फसवणुकीचा प्रयत्न’. मग तोंड धुऊन ते सभेला गेले.

सभेत आधी साहेबांचं नाव जाहीर झालं. मग काकूंना व्यासपीठावर बोलावलं, मालकांनी स्वतः शाल घातली आणि माइक त्यांच्या हातात दिला. म्हणाले, “काकू, मघाशी तुम्ही म्हणालात, ज्या गोष्टीला एकदा फसलात तीच पुन्हा आली होती म्हणून, ती ओळखलीत कशी, ते आमच्या पोरांना सांगा जरा.”

काकूंनी माइक दोन्ही हातांनी धरला. त्यांनी समोरच्या रांगेत बसलेल्या साहेबांकडे बघितलं, आणि साहेबांनी मान हलवून त्यांना धीर दिला.

“अहो, सोपं होतं,” काकू म्हणाल्या. “वर ‘आई’ लिहिलं होतं. माझा खरा लेक असता ना, तर तो मला आता आई म्हणाला नसता.”

मालकांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. गळसाहेबही वाजवत होते.